मधुमेह, हृदय आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या

प्रश्न : वडील ६२ वर्षांचे. दहा वर्षांपासून मधुमेह, मेटफॉर्मिन रोज २ ग्रॅम. हार्टला चांगली असं ऐकून ई जीवनसत्त्वाची ४०० ची कॅप्सूल रोज घेतात. तळपायांची आगही होते. कॅप्सूल चालू ठेवावी का? – एक वाचक, सांगली

उत्तर : हृदयासाठी म्हणून घेत असतील तर नको. हे जीवनसत्त्व एलडीएल कोलेस्टेरॉलचं ऑक्सिडीकरण रोखतं, म्हणजे रक्तवाहिन्यांत चरबी साचणंही रोखेल, असा तर्क होता. तो माणसांवर टिकला नाही. ‘होप’ चाचणीत (२०००) हृदयविकार असलेले, किंवा मधुमेहाच्या जोडीला आणखी एखादा धोका असलेले साडेनऊ हजार रुग्ण होते. निम्म्यांना रोज ४०० युनिट दिले. सुमारे साडेचार वर्षांत हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. २००५ मध्ये पुढची माहिती आली, तेव्हा कॅप्सूल घेणाऱ्यांत हार्ट फेल्युअर उलट जास्त आढळलं. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन चालू असेल तर रक्तस्रावाची भीतीही आहेच.

तळपायांच्या आगीकडे मात्र लगेच बघा. मेटफॉर्मिनमुळे लहान आतड्याच्या शेवटच्या भागात बी-१२ जीवनसत्त्व नीट शोषलं जात नाही, आणि ते कमी पडलं की नसा बिघडून अशी आग होते. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून कमतरता उशिरा उघडी पडते आणि ‘शुगरमुळेच होतंय’ म्हणून सोडून दिली जाते. शाकाहारी असतील तर शक्यता अधिक. बी-१२ची गोळी सुरू करण्याआधी रक्तातलं बी-१२ तपासा. नंतर तपासलं तर आकडा फसवा येतो. मिलिलिटरमागे २०० पिकोग्रॅमच्या खाली कमतरता, २०० ते ३०० संशयास्पद. कमतरता निघाली तर डॉक्टर इंजेक्शन किंवा रोज १००० मायक्रोग्रॅमची गोळी देतील. नुसतं फॉलिक ॲसिड घेऊ नका: रक्त सुधारतं, नसा बिघडत राहतात. मेटफॉर्मिन आपल्या मनाने बंद करू नका.

बी-१२ नसांसाठी घ्यायचं, हृदयासाठी नाही. मधुमेहाने मूत्रपिंडं बिघडलेल्यांना बी-६, बी-१२ आणि फॉलिकचे मोठे डोस दिलेल्या एका चाचणीत (२०१०) मूत्रपिंडांचं काम अधिक वेगाने ढासळलं, झटकेही वाढले. म्हणून क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडांच्या कामाचा) रिपोर्ट सोबत न्या.

प्रश्न : मला मधुमेह आहे. केस गळतात म्हणून बायोटिन १० मिलिग्रॅम घेते. हृदयाला काही धोका? – एक वाचक, ठाणे

उत्तर : धोका तपासणीत आहे. रोजची गरज सुमारे ३० मायक्रोग्रॅम. तुमची गोळी तिच्या तीनशे पटींहून जास्त. एवढं बायोटिन रक्तात असलं की काही यंत्रांवर ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) खोटं कमी दिसतं आणि झटका आलेला असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. मधुमेहात छातीत न दुखताही झटका येतो, नुसता दम लागतो किंवा दरदरून घाम फुटतो, तेव्हा डॉक्टरांची बरीच भिस्त याच तपासणीवर असते. थायरॉइडचे आकडेही असेच चुकतात. ठरलेल्या तपासणीआधी दोन दिवस गोळी बंद ठेवा. तातडीने दाखल व्हावं लागलं तर थांबू नका; ‘बायोटिन घेते, शेवटची गोळी अमुक वाजता’ हे आल्या आल्या सांगा, घरच्यांनाही सांगून ठेवा.