ओरडा खाऊनही मूल तेच का करतं?

या वेळी बहुतेक प्रश्न वर्गातली शिस्त, बक्षीस आणि शिक्षा याबद्दलचे आलेत, म्हणून एकत्रच घेतेय.

प्रश्न : माझ्या पाचवीच्या वर्गात एक मुलगा सारखा जागेवरून उठतो. "खाली बस" म्हटलं की लगेच बसतो, पाच मिनिटांत परत उभा. वर्गाबाहेर उभं करायला लागले तर प्रकार वाढलाच. मग कुणीतरी सांगितलं दुर्लक्ष करा, तर दोन दिवसांत तो थेट बाकावर चढला. काय करू? – एक शिक्षिका

ताई, "म्हटलं की लगेच बसतो" इथेच सगळं अडकलंय. तुम्ही ओरडता, तो बसतो, म्हणजे ओरडण्याचं फळ तुम्हाला जागच्या जागी मिळतं आणि पुढच्या वेळी तुम्ही आणखी पटकन ओरडता. आणि त्याला काय मिळतं? नाव घेऊन हाक, बाईंची नजर, सगळ्या वर्गाची नजर. आपल्याला वाटतं आपण रागावलो म्हणजे शिक्षा केली, पण ती शिक्षा होती की बक्षीस हे आपल्या हेतूवरून ठरत नाही हो, नंतर ते वागणं वाढलं की कमी झालं त्यावरून ठरतं. बक्षीस-शिक्षेने वागणं कसं बदलतं याचा अभ्यास करणारा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर, त्याच्या सगळ्या मांडणीतलं मला सगळ्यात उपयोगी वाटलेलं हेच आहे.

१९६८ साली अमेरिकेत मॅडसन, बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिलीच्या वर्गात नेमकं हेच तपासलं होतं. शिक्षकांनी "खाली बसा" म्हणायचं प्रमाण वाढवलं तेव्हा मुलं जास्त उठायला लागली, आणि बसून काम करणाऱ्यांचं कौतुक वाढवलं तेव्हा उठणं कमी झालं. त्याच गटाच्या दुसऱ्या अभ्यासात असंही दिसलं की नुसते नियम सांगून फारसं काही होत नाही. आपण मात्र वर्षाच्या सुरुवातीला नियमांचा तक्ता लावतो आणि झालं असं समजतो.

आता दुर्लक्षाचं. तो बाकावर चढला म्हणजे उपाय फसला असं नाही. जे वागून आजवर लक्ष मिळत होतं ते एकदम बंद झालं की मूल आधी तेच जास्त जोरात करून बघतं, मग हळूहळू सोडतं. खरा धोका त्या जोराच्या क्षणी असतो, कारण नेमकं तेव्हाच आपला संयम सुटतो आणि आपण ओरडतो, आणि त्याला कळतं की नुसतं उठून भागत नाही, बाकावर चढलं की बाई बघतात. अधूनमधून मिळणारं बक्षीस तर सवय आणखी चिवट करतं, म्हणजे चार दिवस दुर्लक्ष आणि पाचव्या दिवशी भडका, यापेक्षा सुरूच न केलेलं बरं. आणि बाकावरून पडेल किंवा कुणाला लागेल असं काही असेल तर दुर्लक्ष करायचंच नाही, शांतपणे हाताला धरून उतरवायचं, भाषण नाही द्यायचं. दोन-चार मुलं त्याला हसून दाद देत असतील तर तुमचं एकटीचं दुर्लक्ष पुरत नाही, मग जागा बदला आणि त्या मुलांनाही कामात लक्ष दिल्याबद्दल शाबासकी द्या.

बाहेर उभं करण्याबद्दल एक विचारते. तो कुठल्या तासाला जास्त उठतो? वाचनाच्या, गणिताच्या? जे जमत नाही त्यातून सुटका होत असेल तर बाहेर उभं राहणं ही त्याच्यासाठी सोयच आहे. अशा वेळी शिस्तीचं काही करण्याआधी त्याला झेपेल एवढं काम द्यायला हवं.

बाकी काम एकच, तो बसलेला असताना त्याला पकडा. सुरुवातीला दोन मिनिटं बसला तरी जवळ जाऊन हळू आवाजात सांगा, "तीन ओळी झाल्या तुझ्या, छान." नुसतं गुड बॉय नको, काय चांगलं केलं ते बोला. मग ही दोन मिनिटं पाच करा, पाचाची दहा. आणि उठायची परवानगी पण द्या ना, पाच ओळी झाल्या की वह्या वाटायला तू. आवडीचं काम नावडत्या कामानंतर ठेवायचं, हे प्रीमॅक या मानसशास्त्रज्ञाचं तत्त्व प्रत्येक आई न शिकता वापरते.

प्रश्न : वाचन वाढावं म्हणून स्टार द्यायला लागलो. आता मुलं पुस्तक हातात घ्यायच्या आधीच विचारतात, किती स्टार? बंद करावं का? – एक मुख्याध्यापक

सर, ज्या मुलांना आधीपासून वाचायला आवडत होतं त्यांच्यापुरतं तरी नक्की बंद करा. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रं काढायची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांवर प्रयोग केला. काहींना आधी सांगितलं की चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल, काहींना न सांगता नंतर दिलं, काहींना काहीच दिलं नाही. नंतर मोकळ्या वेळात ज्यांना आधी कबूल केलं होतं तीच मुलं चित्रांकडे कमी वळली, बाकीच्यांची आवड टिकली.

यावरून बक्षीस वाईटच असं म्हणणारे लोक आहेत, मला ते पटत नाही. ज्या मुलाला अक्षरं जोडायलाच त्रास होतो त्याला वाचण्यातली गंमत अजून मिळालेलीच नाहीये, ती मिळेपर्यंत स्टारचा आधार द्यायला काय हरकत आहे? फक्त तो कधी काढायचा हे पहिल्याच दिवशी ठरवा. आधी प्रत्येक पानाला, मग गोष्टीला, मग कधीतरी, आणि सोबत पुस्तकावर गप्पा. गप्पा राहतात, स्टार गळून जातात. आणि स्टार द्यायचाच तर पुस्तकांच्या संख्येवर देऊ नका, मुलं सगळ्यात पातळ पुस्तकं शोधतात.

प्रश्न : ६० वह्या तपासून परत द्यायला आठवडा जातो. चालतं ना? – एक शिक्षक

नाही चालत, पण दोष तुमचा नाही. १९५३ मध्ये स्किनर स्वतःच्या मुलीच्या गणिताच्या वर्गात जाऊन बसला आणि त्याला हेच खटकलं, सगळ्यांना एकच वेग आणि उत्तर बरोबर की चूक हे लगेच कळतच नाही. त्यातून पुढे त्याने शिकवण्याचं यंत्र बनवलं. तुम्हाला यंत्र नको, रोजची चार गणितं वर्गातच फळ्यावरच्या उत्तरांशी ताडून बघू द्या, आठवड्याला थोड्याच वह्या पण नीट तपासा.

प्रश्न : मुलीला गणिताच्या तासाआधी पोटात दुखतं. गणित वेळेत सोडवता आलं नाही की मुलांना २० जास्तीची गणितं सोडवायची शिक्षा असते. सवय होईल, असं शिक्षक म्हणतात. – एक आई

सवय होईल, पण भीतीची. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हच्या कुत्र्याला, घंटेनंतर खाणं मिळतं याची सवय झाल्यावर, नुसती घंटा ऐकून लाळ सुटायची तशीच गणिताची वही बघून तुमच्या मुलीच्या पोटात कळ येते, नाटक नाहीये ते. आणि अशी भीती एका जागी राहत नाही, ती पुस्तकावर, शिक्षकांवर, मग शाळेवरही पसरू शकते. जो विषय मुलांना आवडावा असं वाटतं त्याचाच शिक्षा म्हणून वापर करणं याच्याइतकी उलटी गोष्ट नाही, हे शिक्षकांना तुम्ही जाऊन सांगाच, भांडायला म्हणून नाही, पोटदुखी कुठल्या वारी होते त्याची नोंद घेऊन जा.

घरी काय करायचं त्याची दिशा मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्येच दाखवलीये. सशाला घाबरणाऱ्या लहान पीटरला आवडतं खायला द्यायचं आणि ससा दुरून, रोज थोडा जवळ आणायचा, असं करत शेवटी तो सशाला हात लावायला लागला. तुम्हीही तिला नक्की येतात अशी दोन-तीनच गणितं घ्या, घड्याळ न लावता, ती निवांत असेल तेव्हा. घाबरलेली दिसली की एक पायरी मागे. वेळ लावून सोडवणं सगळ्यात शेवटी आणा, आणि तिने स्वतःहून "अजून एक देऊ का सोडवून" म्हटलं तरी त्या दिवशी तिथेच थांबा.