कुत्र्याचं मटण: फॉरवर्डवाल्या प्रश्नांची उत्तरं

क्लिनिकमध्ये कुत्र्याला लस द्यायला आलेले लोकपण हल्ली आधी मोबाईल पुढं करतात, "डॉक्टर, हे खरं का हो?" म्हणून एकदाच लिहून टाकतो.

प्र. सोलापुरात एका हॉटेलात मटणात कुत्रं घालतात असा व्हिडिओ आलाय. (जुळे सोलापूर)
व्हिडिओत ना तारीख ना दुकानाची पाटी, तरी तुम्ही तो दहा ग्रुपवर टाकला. शंका असेल तर बिल ठेवा, अन्न व औषध प्रशासनाकडं तक्रार करा, मांस कुठल्या जनावराचं ते डीएनए तपासणीत कळतं.

प्र. मुलगा नोकरीला कोरियाला चाललाय, चुकून खाण्यात येईल का?
घाबरू नका. दक्षिण कोरियानं जानेवारी २०२४ मध्ये कायदा केला, खाण्यासाठी कुत्री पाळणं, मारणं, विकणं २०२७ पासून गुन्हा. त्याआधीच तिथल्या तरुण पोरांनी ते खाणं जवळपास सोडलं होतं, कारण कुत्रं आता घरात झोपतं. तैवानमध्ये २०१७ लाच बंदी आली, चीनच्या शेनझेनमध्ये २०२० ला.

प्र. भारतात बंदी आहे का?
अन्नसुरक्षा नियमांतल्या, मांसासाठी चालणाऱ्या जनावरांच्या यादीत कुत्रं नाही. नागालँडनं २०२० ला विक्री बंद केली, हायकोर्टानं २०२३ ला ती बंदी रद्द केली. पुढचं वकिलाला विचारा.

प्र. दाजी ईशान्येकडं कामाला आहेत, महिन्यापूर्वी मित्रांबरोबर खाल्लं. रेबीज होईल का? एकाकडनं रेबीजवरच्या औषधाची पुडी आणलीय. (बाळे)
हे मात्र नीट वाचा. चांगलं शिजलेलं खाऊन रेबीज होत नाही, शिजवताना विषाणू मरतो, पण खरा धोका त्याच्या आधी, कुत्रं धरताना, कापताना, मेंदू हाताळताना. व्हिएतनाममध्ये चावा न बसता नुसतं कापणाऱ्याला रेबीज झाल्याची नोंद आहे. दाजींना फोन करा, विचारा, कापायला हात लावला का, हाताला जखम होती का, लाळ किंवा मेंदूतलं काही डोळ्यात-तोंडात उडालं का? एकालाही हो आलं तर आजच सरकारी दवाखाना, महिना झाला असला तरी. पुडी फेकून द्या, तिच्यात फक्त विकणाऱ्याचा फायदा आणि तुमचे दिवस वाया. लक्षणं दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि तरी आपल्याकडं कुत्रं चावलं की चुना-तिखट लावून घरी बसतात, कुत्रं मरतंय का बघतात! अहो, साबण लावून नळाखाली १५ मिनिटं धुवा, त्याच दिवशी लस घ्या, रक्त आलं असेल तर सीरमचं (जखमेत टोचतात ती तयार प्रतिपिंडं) विचारा. पोटातली १४ इंजेक्शनं कधीच बंद झालीत, दंडावर घेतात.

प्र. ते खाऊन ताकद येते म्हणे?
नाही. अशक्तपणा असेल तर फिजिशियनला दाखवा, हिमोग्लोबिन आणि शुगर तपासा.