"त्याले काय म्हनू, मॅडम?"

बाजाराच्या दिवशी आमच्या ग्रामीण रुग्णालयात पाय ठेवायला जागा नसते, पण माझ्या समुपदेशनाच्या खोलीकडे सहसा कोणी फिरकत नाही. ओळखीचं माणूस पाहील, ही भीती. तो मात्र बाजाराच्याच दिवशी आला, हातात भाजीची पिशवी घेऊन. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावात त्याची पानटपरी आहे, वय चाळिशीच्या आसपास. खुर्चीच्या कडेवर टेकत म्हणाला, "मॅडम, मले काई झालं नाई. एका पोराबद्दल इचाराचं होतं. त्याले काय म्हनू, तेवढं सांगा." (दोघांना विचारूनच हे लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

पोरगा म्हणजे गावचा कबड्डीपटू, वीस वर्षांचा. तो चढाईला निघाला की माणसं उभी राहून पाहतात. टपरीवाला त्याचा पहिला चाहता. शाळेच्या सामन्यांपासून त्याने एकही सामना चुकवलेला नाही. ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी चालू असताना दुपारून आभाळ भरून आलं, बाया बाभळीखाली गेल्या आणि वीज पडली. पोराची माय जागीच गेली.

गाव धावून आलं. चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला. त्यावर मायचा फोटो लहान आणि चढाई करणाऱ्या पोराचा मोठा. मोबाइलवर फुलं आणि जोडलेले हात येतच राहिले. तेरवीला टपरीवाल्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवून, अगदी आतून म्हटलं, "सचिनचे वडील वारले, तरी त्यानं जाऊन शतक मारलं. तू बी मायसाठी खेळून दाखव." पोराने मान हलवली. त्यानंतर तो ना मैदानावर आला, ना टपरीवर.

"माह्या तोंडून काय चुकलं, मॅडम? आता बोलाव त भेव वाटते, नाई बोलाव त माणुसकी नाई."

हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडांनी येतो. शिक्षक विचारतात, शेजारीण विचारते. आवडत्या खेळाडूवर आघात झाला की चाहत्यांच्या मनात माया असते, आणि तिच्याच पोटात एक मागणीही असते: तू लवकर उभा राहा, म्हणजे आम्हाला बरं वाटेल. दुःखातल्या माणसाला ती मागणी आधी ऐकू येते.

सचिनची गोष्ट मी त्याला पुरती सांगितली. १९९९ च्या मे महिन्यात विश्वचषक चालू असताना वडील रमेश तेंडुलकर गेले. सचिन इंग्लंडहून घरी आला. परत जा, असं आईने सांगितलं, आणि मग ब्रिस्टलला केनियाविरुद्ध त्याने नाबाद १४० केल्या. आपल्या खापरखेड्याच्या उमेश यादवचे वडील वलनीच्या कोळसा खाणीत कामाला होते. ते फेब्रुवारी २०२३ मध्ये गेले आणि पुढच्याच आठवड्यात इंदूरच्या कसोटीत उमेशने १२ धावांत ३ बळी घेतले. हे दोघे परतले ते स्वतः ठरवून, घरच्यांच्या सोबतीने. दुसऱ्याच्या तेरवीत मापासाठी धरावी अशी ती पट्टी नाही.

"मंग म्या काय करू?"

मी विचारलं, मदतीचे कागद झाले का? वीज पडून मृत्यू झाला तर वारसाला शासनाकडून ४ लाखांची मदत मिळते. त्यासाठी पंचनामा लागतो, शवविच्छेदनाचा अहवाल लागतो, वारसाची कागदपत्रं लागतात. पोराचा बाप तर दारातल्या बाजेवरून उठत नव्हता. टपरीवाल्याचा चेहरा पहिल्यांदा जरा उजळला. "तलाठ्याकडं मी जाईन. तहसीललेबी जाईन." त्या वेळी त्याच्या हाताला काहीतरी काम हवं होतं, असं मला आजही वाटतं.

शब्दांबद्दल मी थोडंच बोलले. कसं झालं, कुठे होती, हे विचारू नका; येणाऱ्या प्रत्येकाला तो तेच सांगून थकला असेल. 'देवाची मर्जी' नको. 'रडू नको, बापाकडं पाह्य' हे तर मुळीच नको. मायचा विषय काढला तर त्याला आठवण होईल, ही भीती सोडा. तो विसरलेलाच नाही. चुकलं असेल तर सरळ म्हणा, तेरवीला मी खेळायचं बोललो, ते बोलायला नको होतं. आणि मग बसून राहा.

एक गोष्ट मात्र मी जोर देऊन सांगितली. आठवडे उलटले तरी झोप नाही, जेवण नाही, दारू सुरू झाली, 'जगून काय करू' असं बोलू लागला, तर त्याला एकटं सोडायचं नाही आणि दवाखान्यात आणायचं. मरणाचा विचार येतो का, हे थेट विचारायचं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. रात्री-अपरात्री टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर आहे, त्यावर मराठीतही बोलता येतं. आपल्या भागात हे पुन्हा पुन्हा सांगायला मी कचरत नाही.

डिसेंबरात पोरगा स्वतः आला. टपरीवाला बाहेर बाकावर बसून राहिला. बराच वेळ पोरगा फरशीकडे पाहत होता. मग म्हणाला, "मॅडम, दम टिकत नाई." एकदा पहाटे तो एकटाच मैदानावर गेला होता. चढाई तीस सेकंदांची. 'कबड्डी कबड्डी' म्हणता म्हणता मधेच घसा दाटून येई आणि दम तुटे. माय गेली तेव्हा तो त्याच मैदानावर सराव करत होता. "मी वावरात असतो त तिले झाडाखाली जाऊ देल्लं नसतं." ही टोचणी त्याने कोणालाच सांगितली नव्हती. सगळे त्याला वाघ म्हणत होते, आणि वाघाने हे सांगायचं कोणाला?

आमच्या पाच-सहा भेटी झाल्या. त्या सगळ्या इथे मांडत नाही.

जानेवारीत गावात खुले सामने होते. मंडळाला मायसाठी दोन मिनिटं शांतता पाळायची होती, माइकवर त्याचं नाव घ्यायचं होतं. या वेळी टपरीवाल्याने आधी त्याला जाऊन विचारलं. "माइकवर नोका," एवढंच तो म्हणाला, आणि कोणी काही बोललं नाही. तो खेळला नाही. हापशीजवळ येऊन बसला, शेजारी टपरीवाला.

पुढचं मला टपरीवाल्याने सांगितलं. दुसरा सामना रंगात आला असताना पोरगा एकदम बोलला, "भाऊ, माय इथंच उभी राहे."

"मले मालूम हाय. तू चढाईले निंगाला का माय डोये मिटून घे. गलका झाला का मंग मले इचारे, आला का वापस?"

पोरगा त्याच्याकडे वळला. त्याची नजर कायम पुढच्या खेळाडूंवर असायची, त्यामुळे हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. "अजून काय करे?" त्याने विचारलं. सामना संपून दिवे मालवले तरी टपरीवाला सांगत होता.