आधी घाट ठरवा, मग गाव

प्रश्न : आम्ही लातूर जिल्ह्यातील औसा येथे राहतो. येत्या दिवाळीत लक्ष्मीपूजन आटोपल्यावर सासू-सासरे आणि दोन मुले यांच्यासह स्वतःच्या गाडीने पाच-सहा दिवस कोकणात जाण्याचा विचार आहे. गर्दीच्या ठिकाणांपेक्षा समुद्राकाठची लहान गावे पाहावीत, असे वाटते. नातेवाइकांनी दिवेआगर, हर्णै, गुहागर, गणपतीपुळे, मालवण आणि वेंगुर्ले अशी यादी दिली आहे. ही सर्व गावे एकाच सहलीत होतील का? सासू-सासरे शाकाहारी आहेत आणि आमच्यापैकी कोणालाच समुद्राची माहिती नाही.
— एक वाचक, औसा

उत्तर : होणार नाहीत, आणि तसा प्रयत्नही करू नये. नकाशावर ही गावे एका ओळीत दिसत असली, तरी सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री अशा नद्यांच्या खाड्यांनी ती ओळ जागोजागी तोडलेली आहे. दिवेआगरहून हर्णैला जाताना बागमांडला ते वेसवी, हर्णैहून गुहागरला जाताना दाभोळ ते धोपावे आणि पुढे गणपतीपुळ्याकडे जाताना तवसाळ ते जयगड अशी तीनदा गाडी फेरीबोटीवर चढवावी लागते. नाहीतर प्रत्येक वेळी आत, पूल असेल तिथपर्यंत, मोठा वळसा घ्यावा लागतो. मुलांना फेरीबोट आवडेल, यात शंका नाही. परंतु वयस्कर माणसांना रोज सामान बांधून गाडीत बसवणे ही सहल नव्हे.

मराठवाड्यातून निघणाऱ्या कुटुंबाने आधी आपण कोणत्या घाटाने उतरणार आहोत ते ठरवावे आणि त्या घाटाच्या पायथ्याकडचे गाव निवडावे, असे माझे स्पष्ट मत आहे. छत्रपती संभाजीनगर, जालना किंवा बीडकडच्या मंडळींना अहिल्यानगर, पुणे आणि ताम्हिणी घाट हा मार्ग सोयीचा असल्याने त्यांच्यासाठी दिवेआगर-श्रीवर्धन योग्य ठरते. आपले तसे नाही. औशाहून तुळजापूर, सोलापूर, सांगली आणि कोल्हापूर असा रस्ता आपल्याला थेट दक्षिण कोकणाच्या उंबरठ्यावर नेतो. पहिला मुक्काम कोल्हापूरला केला, तर तुळजाभवानी आणि अंबाबाई या दोन्ही देवींचे दर्शन वाटेतच होते, आणि घाट दुसऱ्या दिवशी उजेडात, ताज्या मनाने उतरता येतो.

कोल्हापूरहून आंबा घाटाने उतरल्यास रत्नागिरी आणि गणपतीपुळे, फोंडा घाटाने उतरल्यास कणकवलीमार्गे मालवण, आणि आजऱ्यावरून आंबोली घाटाने उतरल्यास सावंतवाडीमार्गे वेंगुर्ले गाठता येते. यांपैकी आपल्यासाठी मी वेंगुर्ले सुचवेन आणि तिथेच सलग तीन रात्री राहण्याचा आग्रह धरेन. दिवाळीच्या सुट्टीत गणपतीपुळे आणि तारकर्ली येथे मोठी गर्दी असते. अगदी लहान खेड्यात राहावे, तर रात्री सासऱ्यांना बरे वाटेनासे झाल्यास डॉक्टर दूर असतो. वेंगुर्ले तालुक्याचे ठिकाण असल्याने तेथे बाजारपेठ आणि दवाखान्यांची सोय आहे, तरीही गाव शांत आणि कौलारू आहे. जुने बंदर, टेकडीवरचे दीपगृह, डच वखारीचे अवशेष आणि सागरेश्वराचा लांब किनारा हे सारे हाताशी आहे. दक्षिणेला शिरोडे लागते. १९३० साली तेथे मिठाचा सत्याग्रह झाला होता, आणि वि. स. खांडेकर यांनी त्याच गावात १९२० पासून १९३८ पर्यंत शिक्षक म्हणून काम केले. त्याहून पुढे रेडीला, खाणीत सापडलेल्या गणेशमूर्तीचे मंदिर आहे; सासू-सासऱ्यांना ते नक्की आवडेल.

मालवणला एक दिवस जाऊन यावे. अंतर सुमारे ५० किलोमीटर आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याचे बांधकाम शिवाजी महाराजांनी १६६४ साली सुरू केले, आणि त्यातील शिवराजेश्वर मंदिर मुलांनी पाहायलाच हवे. मात्र होडीतील चढउतार वयस्करांना जड जाते, म्हणून एकाने त्यांच्यासोबत चिवला किनाऱ्यावर सावलीत थांबावे.

समुद्राची माहिती नसल्याचे आपण प्रामाणिकपणे लिहिले आहे, म्हणून भरती-ओहोटीविषयी थोडे विस्ताराने सांगतो. दिवसातून दोनदा भरती येते आणि दोनदा ओहोटी होते. ही वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. किनाऱ्यावरची जुनी माणसे तिथीची पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ काढतात : चतुर्थीला साधारण तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, दुपारी तशीच पहाटेही. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी असते. हा केवळ अंदाज असला, तरी घरातल्या दिनदर्शिकेवरून तो कोणालाही बांधता येतो. लक्ष्मीपूजन अमावास्येला येत असल्यामुळे आपण पोहोचाल तेव्हा उधाणाचे दिवस असतील, म्हणजे पाणी नेहमीपेक्षा वर चढेल आणि नेहमीपेक्षा दूर ओसरेल. भाऊबीजेला हिशेबाने दुपारी दीडच्या सुमारास पूर्ण भरती येते. याचा अर्थ संध्याकाळी चार-पाच वाजता, सर्वजण हौसेने पाण्यात उतरतात नेमक्या त्याच वेळी, पाणी जोराने मागे खेचत असते. त्या वेळी मुलांना घोट्यापलीकडे पाण्यात जाऊ देऊ नये. पोहता येत असले तरी नाही, कारण विहिरीतले पोहणे समुद्रात उपयोगी पडेलच असे नाही. कोणत्याही किनाऱ्यावर उतरण्यापूर्वी तेथील कोळी बांधवांना विचारावे आणि ते नको म्हणाले, तर उतरू नये.

शाकाहाराची चिंता फारशी करू नये. घावणे, आंबोळी, उसळ, सोलकढी आणि उकडीचे मोदक सांगितल्यावर करून देणारी घरे या भागात पुष्कळ आहेत. खोली ठरवतानाच मात्र दोन गोष्टी फोनवर विचारून घ्याव्यात : शाकाहारी स्वयंपाकाची भांडी वेगळी असतात का, आणि तळमजल्यावर पाश्चात्त्य पद्धतीचे शौचालय आहे का. दिवाळीसाठीच्या खोल्या लवकर भरतात, त्यामुळे ही चौकशी दसऱ्यापूर्वीच उरकावी.