पोस्टग्रेस १३ वरून १७ वर जाताना वेबसेवा कमीत कमी वेळ बंद कशी ठेवावी?

तुमचा पोस्टग्रेस डेटाबेस ४०० जीबीचा आहे, ग्राहक रात्रीही असतात आणि त्याच रात्री अ‍ॅपचं नवं रिलीजही करायचं आहे, असं तुम्ही लिहिलंय. सगळ्यात आधी ते रिलीज त्या रात्रीतून काढा. दोन्ही एकदम केलंत आणि पहाटे साइट रखडली, तर दोष नव्या क्वेरीचा की नव्या आवृत्तीचा, हे शोधण्यातच वेळ जातो. अपग्रेड मात्र लांबवू नका, १३ ला दुरुस्त्या मिळणं नोव्हेंबर २०२५ मध्येच थांबलंय.

थोडी मिनिटं सेवा बंद चालणार असेल तर मी पीजी_अपग्रेड (पोस्टग्रेसचं आवृत्ती बदलायचं साधन) लिंक पर्यायासह वापरतो. त्यात डेटाच्या फाइली कॉपी होत नाहीत, हार्ड लिंक होतात, म्हणजे त्याच फाइलींना दुसरं नाव मिळतं. त्यामुळे ४०० जीबीची भीती नको. पण नवा सर्व्हर एकदा सुरू झाला की जुना पुन्हा चालवता येत नाही. म्हणून लिहिणं थांबवल्यावर एक रेप्लिका (डेटाबेसची सतत जुळत राहणारी प्रत) पूर्ण जुळू द्या आणि ती बंद करून बाजूला ठेवा. परतायची वेळ आली तर तीच उपयोगी पडते.

तेवढंही परवडत नसेल तर लॉजिकल रेप्लिकेशन, म्हणजे नोंदींतले बदल एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर सतत पाठवत राहणं. शेजारी १७ उभा करायचा, डेटा जुळला की पीजीबाउन्सरवर (अ‍ॅप आणि डेटाबेस यांमधली जोडणी सांभाळणारा प्रोग्राम) पॉज देऊन काही सेकंदांत वळवायचं. इथे तीन गोष्टी लोकांना हमखास अडवतात. सीक्वेन्सचे (नव्या नोंदींना क्रमांक देणाऱ्या मोजणीचे) आकडे पलीकडे जात नाहीत. ते हाताने पुढे सरकवले नाहीत तर पहिल्याच नव्या नोंदींना डुप्लिकेट कीची एरर येते. टेबलांच्या रचनेतले बदलही जात नाहीत, म्हणून त्या काळात अ‍ॅपची मायग्रेशन (टेबलांची रचना बदलणाऱ्या स्क्रिप्ट) बंद. आणि प्रायमरी की नसलेलं टेबल रेप्लिका आयडेंटिटी (नोंद कशावरून ओळखायची ते) न ठरवता पब्लिकेशनमध्ये (पलीकडे पाठवायच्या टेबलांच्या यादीत) घातलंत, तर चालू सिस्टीमवरच त्याचे अपडेट आणि डिलीट अडतात.

कोणतीही वाट घ्या, ग्राहकांना आत घेण्याआधी अ‍ॅनालाइझ (टेबलांची आकडेवारी गोळा करणारी आज्ञा) चालवा. १७ पर्यंतच्या अपग्रेडमध्ये प्लॅनरची (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाची) आकडेवारी सोबत येत नाही (ती सोय १८ पासून आली), आणि आकडेवारीविना चांगल्या क्वेरीही भलत्याच वाटेने जातात.

रंगीत तालीम प्रॉडक्शनच्या बॅकअपवर, तशाच मशीनवर करा आणि प्रत्येक पायरीला लागलेला वेळ लिहून ठेवा. किती वाजेपर्यंत जमलं नाही तर मागे फिरायचं आणि तो निर्णय कोणाचा, हे आदल्या दिवशी ठरवा. ग्राहकांच्या नोंदी १७ वर पडू लागल्या की जुन्याकडे जाणं म्हणजे त्या गमावणं. लॉजिकल पद्धतीत ते टाळता येतं: वळवतानाच १७ कडून १३ कडे उलटं रेप्लिकेशन सुरू करा आणि निदान आठवडाभर चालू ठेवा.