घरची भाषा, शाळेचा अर्ज

प्रश्न : आम्ही कॅलिफोर्नियात राहतो. मुलीला सरकारी शाळेत घालताना भाषेसंबंधीच्या अर्जात आम्ही ‘मराठी’ लिहिले. त्यामुळे तिची चाचणी झाली आणि ‘इंग्रजी शिकणारी विद्यार्थिनी’ अशी नोंद झाली. घरीही इंग्रजीच बोला, असे वर्गशिक्षिका सुचवतात. ‘इंग्रजी’ लिहून मोकळे व्हायचे होते, असे परिचित म्हणतात. आमचे चुकले का? आणि द्विभाषिक वर्गाची मागणी आम्हाला करता येईल का?
– एक वाचक

उत्तर : तुमचे काहीच चुकलेले नाही. त्या अर्जात चार प्रश्न असतात : मूल प्रथम कोणती भाषा बोलू लागले, घरी ते बहुतेक कोणती बोलते, पालक त्याच्याशी कोणती बोलतात आणि घरातील मोठी माणसे एरवी कोणती बोलतात. पहिल्या तिहींपैकी कोणत्याही उत्तरात इंग्रजीखेरीज दुसरी भाषा आली की ‘एल्पॅक’ ही इंग्रजी किती येते ते पाहणारी चाचणी घेतली जाते. शिक्क्याच्या भीतीने खोटे उत्तर देणाऱ्या पालकांना एवढेच सांगावेसे वाटते की, ही नोंद कायमची नसते. चाचणीचा निकाल, शिक्षकांचे मत, पालकांशी विचारविनिमय आणि मूलभूत कौशल्ये पाहून ती काढली जाते. उलट, २०१३च्या निधीसूत्रानुसार अशा विद्यार्थ्यामागे शालेय जिल्ह्याला (तिथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेला) मूळ अनुदानाच्या २० टक्के जादा रक्कम मिळते.

शिक्षिकांचा सल्ला सद्भावनेचा असेल, परंतु तो मानू नये. ‘पाऊण’ म्हणजे चार भागांतले तीन, हे जिला मराठीतून उमगले आहे, तिला अपूर्णांक इंग्रजीत नव्याने समजून घ्यावा लागत नाही. फक्त नाव शिकावे लागते.

आता मागणीविषयी. सान फ्रान्सिस्कोतील चिनी भाषक विद्यार्थ्यांच्या ‘लाउ विरुद्ध निकोल्स’ या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली निर्णय दिला, की न कळणाऱ्या भाषेतील तीच पुस्तके सर्वांच्या हाती देणे म्हणजे समान वागणूक नव्हे. मात्र शिकवण्याची पद्धत कोणती असावी, हे न्यायालयाने ठरवून दिले नाही, आणि पुढचा सारा वाद त्या मोकळ्या जागेत वाढला. १९९८ साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रस्ताव २२७ संमत करून द्विभाषिक वर्ग जवळपास बंद केले. ते हवे असतील तर पालकांना दरवर्षी शाळेत जाऊन सवलत मागावी लागे. २०१६च्या प्रस्ताव ५८ने ती अट काढली.

आजचा नियम असा : एका शाळेतील ३० किंवा एकाच इयत्तेतील २० विद्यार्थ्यांच्या पालकांनी एखाद्या भाषेचा कार्यक्रम मागितला, तर शक्य असेल तितपत तो देणे शाळेवर बंधनकारक आहे. मागणी तोंडी केली तरी शाळेने तिची लेखी नोंद ठेवायची असते. संख्या भरल्यापासून शाळेच्या कामकाजाच्या १० दिवसांत पालकांना व शिक्षकांना कळवायचे आणि ६० दिवसांत निर्णय घ्यायचा. नकार असेल तर कारणे लेखी द्यायची. इंग्रजी मातृभाषा असलेल्या मुलांच्या पालकांच्या मागण्याही या गणतीत धरल्या जातात, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

मराठीपुरते स्पष्टच बोलायचे तर, एका इयत्तेत २० मुले जमणे अवघड, आणि जमली तरी पात्र शिक्षक मिळणे त्याहून अवघड. म्हणून स्पॅनिश किंवा चिनी वर्गासाठी शेजारचे पालक धडपडत असतील, तर त्यांच्या अर्जावर तुमचीही मागणी नोंदवा. ‘तो आमचा प्रश्न नाही’ ही आपल्या लोकांची वृत्ती मला इथे फारशी शहाणपणाची वाटत नाही. शाळेत इंग्रजी शिकणारी २१ मुले असली की पालकांची सल्लागार समिती असावीच लागते. तिच्या बैठकीला अवश्य जा. जिल्ह्याचा निधी-आराखडा १ जुलैपर्यंत मंजूर होतो, त्यामुळे जूनमध्ये मागणी केली तर उशीर झालेला असतो. वसंतातच सुरुवात करावी. अर्ज देताना मुलीची इयत्ता आणि हवी असलेली भाषा स्पष्ट लिहा, आणि तारखेसह पोच घेतलेली प्रत स्वतःजवळ ठेवा. त्या ६० दिवसांचा हिशेब पुढे तुम्हालाच मागावा लागेल.