रॅन्समवेअरने फाइल एन्क्रिप्ट झाल्यावर फॉरमॅट करण्याआधी काय करावे

भाऊ, आपण लिहिले आहे की दारव्हा तालुक्यातील आपल्या कृषी केंद्राच्या संगणकावर विंडोज फुकटात अॅक्टिव्हेट करण्यासाठी ओळखीच्या एका मुलाने काहीतरी डाउनलोड करून चालवले, काही वेळ विंडोज अपडेट चालू असल्याची खिडकी दिसली आणि त्यानंतर टॅलीचा डेटा, उधारीची एक्सेल फाइल, बिलांचे पीडीएफ आणि घरचे फोटो यांपैकी काहीही उघडेनासे झाले. प्रत्येक फाइलच्या नावाला चार अनोळखी अक्षरे जोडली गेली आहेत आणि प्रत्येक फोल्डरमध्ये ‘रीडमी’ नावाची एक मजकूर फाइल पडली आहे, जिच्यात 980 डॉलर, पण 72 तासांत संपर्क केल्यास 490 डॉलर, अशी मागणी आहे. पैसे भरावेत का, नागपूरचा एक दुकानदार ‘शंभर टक्के खोलून देतो’ म्हणतो त्याच्याकडे डिस्क द्यावी का, की सगळे फॉरमॅट करून मोकळे व्हावे, असे आपले तीन प्रश्न आहेत. पेरणीचे दिवस तोंडावर असताना ही वेळ आली, त्यामुळे आपली घालमेल मी समजू शकतो. तरीही तिन्ही प्रश्नांना माझे उत्तर आज नकारार्थी आहे, आणि त्याची कारणे नीट समजून घेतल्याशिवाय आपण त्या संगणकाला हात लावू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे.

सर्वांत आधी त्या संगणकाची इंटरनेटची वायर काढा, वायफाय बंद करा आणि जुना बॅकअप असलेला पेनड्राइव्ह किंवा एक्सटर्नल डिस्क कोणत्याही परिस्थितीत त्याला जोडू नका. आपण वर्णन केलेली लक्षणे स्टॉप किंवा डीजेव्हीयू या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रॅन्समवेअरची, म्हणजे फाइल गुप्त किल्लीने कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करून त्या सोडवायला खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमची, आहेत. हा प्रोग्रॅम एकदा काम उरकून थांबत नाही, तर विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये स्वतःची नोंद करून ठेवतो आणि दर पाच मिनिटांनी पुन्हा चालू होऊन नव्याने दिसलेल्या फाइलही एन्क्रिप्ट करतो. बॅकअप आहे म्हणून आनंदाने पेनड्राइव्ह लावला आणि तोही डोळ्यांदेखत गेला, असे माझ्या पाहण्यात आले आहे, आणि मूळ हल्ल्यापेक्षा हे नुकसान मोठे असते. संगणक बंद करा, डिस्क बाहेर काढा आणि एखाद्या जाणकाराकडून दुसऱ्या डिस्कवर तिची जशीच्या तशी प्रत करून घ्या. पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर करायचे. मूळ डिस्कवरील एन्क्रिप्ट झालेल्या फाइल आणि ती ‘रीडमी’ फाइल पुसायची नाही, कारण पुढे किल्ली मिळाली तर उपयोग याच फाइलचा होणार आहे.

यानंतर नेमके निदान. दुसऱ्या, स्वच्छ संगणकावरून ‘नो मोअर रॅन्सम’ हे संकेतस्थळ उघडा. नेदरलँड्सचे पोलीस, युरोपोल आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी जुलै 2016 मध्ये ते सुरू केले असून तेथे एक एन्क्रिप्ट झालेली फाइल आणि खंडणीची चिठ्ठी दिली की रॅन्समवेअरचा प्रकार आणि त्यासाठी मोफत साधन आहे की नाही हे कळते. आपल्या बाबतीत त्याहून महत्त्वाची खूण आपल्याच डिस्कवर आहे. सी ड्राइव्हमध्ये ‘सिस्टिमआयडी’ नावाचा फोल्डर असेल, त्यात ‘पर्सनलआयडी’ ही मजकूर फाइल असेल आणि तिच्यात अक्षरे व आकड्यांची एक लांबलचक ओळ असेल. तिच्या अगदी शेवटी इंग्रजी टी हे अक्षर आणि 1 हा आकडा आहे का, ते पाहा. एकापेक्षा जास्त ओळी असतील तर प्रत्येक ओळ तपासा.

या दोन चिन्हांवर एवढा भर देण्याचे कारण असे, की हा प्रोग्रॅम चालू होताच गुन्हेगाराच्या सर्व्हरशी संपर्क साधून त्या एका संगणकापुरती स्वतंत्र किल्ली मागवतो. संपर्क झाला तर ती किल्ली फक्त गुन्हेगाराकडे राहते. संपर्क झालाच नाही तर प्रोग्रॅम स्वतःमध्ये आधीच असलेली किल्ली वापरतो, जी त्या उपप्रकाराच्या अशा सर्व पीडितांसाठी एकच असते, आणि तेव्हा आयडीच्या शेवटी टी1 येते. आपल्याकडे नेट दिवसातून कितीदा जाते हे वेगळे सांगायला नको. तो प्रोग्रॅम चालला त्या क्षणी नेट गेलेले असेल तर ती गैरसोयच आपल्या पथ्यावर पडेल. एम्सिसॉफ्ट या कंपनीने ऑक्टोबर 2019 मध्ये या रॅन्समवेअरसाठी मोफत डिक्रिप्टर, म्हणजे एन्क्रिप्ट झालेल्या फाइल उघडणारे साधन, काढला आणि तेव्हाच्या 148 उपप्रकारांच्या फाइल त्याने उघडता येऊ लागल्या. परंतु ऑगस्ट 2019 नंतर आलेल्या नव्या उपप्रकारांमध्ये हे साधन फक्त टी1 प्रकारच्या फाइलसाठी, आणि तेही त्या उपप्रकाराची किल्ली कोणाकडून तरी हाती लागली असेल तरच, चालते. अशा नव्या उपप्रकारात आयडी टी1 ने संपत नसेल तर त्या फाइलचे एन्क्रिप्शन आज कोणीही मोडू शकत नाही. हे वाचताना त्रास होईल, पण खोटी आशा देऊन आपले पैसे आणि दिवस दोन्ही वाया घालवणे मला योग्य वाटत नाही.

नागपूरच्या दुकानदाराचा दावाही याच कसोटीवर तपासा. स्वतंत्र किल्ली वापरलेली असेल तर त्याच्याकडे दोनच मार्ग उरतात: मोफत साधन चालवून पाहून त्याचे पैसे घेणे, किंवा आपल्या नकळत गुन्हेगाराशी सौदा करून वर स्वतःचा नफा लावणे. ‘आयडी कोणता आहे, कोणत्या पद्धतीने उघडणार, नाही उघडले तर पैसे परत का’ हे त्याला लेखी विचारा. जो आयडी न विचारता शंभर टक्के म्हणतो, त्याला डिस्क देऊ नका. यूट्यूबवरच्या दुव्यांवरून डिक्रिप्टर उतरवण्याचा मोहही आवरा. जून 2020 मध्ये याच रॅन्समवेअरचा डिक्रिप्टर म्हणून झोरॅब नावाचा दुसराच रॅन्समवेअर पसरवला गेला होता, आणि आधीच गांजलेल्या लोकांच्या फाइल त्याने दुसऱ्यांदा एन्क्रिप्ट केल्या.

पैसे भरण्याबद्दल. चिठ्ठीत एक फाइल मोफत उघडून दाखवण्याची तयारी आहे, पण तिच्यात मौल्यवान माहिती नसावी अशी अटही तेथेच आहे. त्यावरून त्यांच्याकडे किल्ली आहे इतकेच सिद्ध होते, पैसे घेतल्यावर ती ते देतील हे नव्हे. 72 तासांची मुदत माणसाला विचार करू न देण्यासाठी आहे. माझ्या मते एका कृषी केंद्राच्या हिशेबासाठी ही रक्कम देऊ नये, कारण त्या हिशेबाचा बराचसा भाग इतर ठिकाणांहून परत उभा करता येतो.

त्याआधी मोठ्या फाइलविषयी थोडे, कारण येथे अनेक जण हातची वस्तू सोडून देतात. वेग साधण्यासाठी हा रॅन्समवेअर प्रत्येक फाइलचा फक्त सुरुवातीचा सुमारे 150 केबी भाग एन्क्रिप्ट करतो, उरलेला भाग तसाच राहतो. एक्सेलची लहान फाइल त्यामुळे पूर्ण जाते, पण एक जीबीच्या व्हिडिओचे फार थोडे गेलेले असते. आर्वीकडच्या एका फोटो स्टुडिओचे लग्नांचे चित्रीकरण असेच अडकले होते. त्याच कॅमेऱ्यावर, त्याच सेटिंगवर दोन मिनिटांचा नवा व्हिडिओ काढून ‘मीडिया रिपेअर’ या मोफत साधनाला नमुना म्हणून दिला, तेव्हा एकामागून एक व्हिडिओ चालू लागले. सुरुवातीचे काही क्षण तेवढे गेले. फोटोंचे तसे होत नाही. बहुतेक फोटोंची वरची पट्टी जाते आणि बाकीचा भाग खटपट केली तर कधी मिळतो, कधी नाही. त्याच स्टुडिओच्या खणात कॅमेऱ्याची जुनी मेमरी कार्डे पडून होती. फोटो पुसलेले असले तरी कार्डावर फारसे नवे लिहिले गेले नव्हते, त्यामुळे फोटोरेक या मोफत प्रोग्रॅमने त्यांतून बरेच काही परत आले. आपल्या घरच्या फोटोंसाठी आधी जुन्या मोबाइलचे कार्ड शोधा. झिप फाइल असतील तर जोडलेली अक्षरे प्रतीवर काढून सेव्हन-झिपने उघडून पाहा, पहिली फाइल सोडून आतल्या बाकीच्या बहुधा निघतात. टॅलीच्या बाबतीत मात्र सुरुवातीचा भाग गेला की टॅली ती फाइल स्वीकारत नाही.

उधारीच्या एक्सेलसाठी आणखी एक शक्यता आहे. एक्सेल फाइल सेव्ह करताना नवी प्रत लिहून जुनी पुसत असते, आणि आपली डिस्क जुन्या फिरत्या प्रकारची असेल तर पुसलेल्या जुन्या प्रती फोटोरेकला सापडू शकतात. एसएसडी असेल तर ही आशा जवळपास नसते. सापडलेल्या फाइलना मूळ नावे नसतील, एकेक उघडून पाहावी लागेल आणि त्या मूळ डिस्कवर नव्हे तर दुसऱ्या डिस्कवर साठवाव्या लागतील. विंडोजने आपोआप ठेवलेल्या फाइलच्या जुन्या प्रती (शॅडो कॉपी) हा रॅन्समवेअर पुसतो, पण कधी ते साधत नाही, म्हणून शॅडो एक्सप्लोरर या प्रोग्रॅमने तेही एकदा पाहून घ्यावे.

आता खरी गोष्ट उधारीची. ज्या शेतकऱ्यांनी गेल्या खरिपात बियाणे आणि खत नेले आणि कापूस विकून पैसे देईन म्हणून सांगितले, त्यांच्याकडे किती बाकी आहे हे त्या एकाच फाइलमध्ये होते, आणि आपला जीव तेथेच अडकला आहे. येथे संगणकाच्या बाहेर शोधावे लागेल. अनुदानित खताची विक्री पीओएस मशीनवर शेतकऱ्याच्या आधारने होते आणि ती नोंद आपल्या संगणकावर नव्हे, सरकारी सर्व्हरवर असते. कोणी किती पोती नेली याचा अहवाल त्या लॉगिनमधून काढा. बियाण्याच्या बिलबुकाच्या कार्बन प्रती आणि लॉट क्रमांकांची साठा नोंदवही आपल्याकडे असलीच पाहिजे. जीएसटी पोर्टलवर जीएसटीआर-2बी मध्ये वितरकांकडून झालेली खरेदी बिलवार मिळेल. जीएसटीआर-1 मध्ये मात्र शेतकरी नोंदणीकृत नसल्यामुळे त्यांची विक्री नावानिशी नव्हे, एकत्रित आकड्यात दिसेल. तिचा उपयोग बेरीज जुळवण्यापुरता. विवरणपत्रासाठी सीए साहेबांना दिलेला टॅलीचा बॅकअप त्यांच्याकडे असण्याची शक्यता फार मोठी आहे, तो आजच मागवा. बँकेचे आणि यूपीआयचे उतारे जमेची बाजू दाखवतील. व्हॉट्सअॅपवर भागीदाराला किंवा भावाला पाठवलेले यादीचे फोटो, जीमेलच्या पाठवलेल्या संदेशांतील जोडपत्रे, गेल्या मार्चची छापील यादी, हे सगळे एका टेबलावर आणा आणि गावागावांनुसार नवी वही लिहायला घ्या. शेवटी शेतकऱ्यांना स्वतः विचारण्यात कमीपणा मानू नका. हातातले बिल दाखवून बाकी सांगणारी माणसे आपल्या भागात भरपूर आहेत, आणि दोन्ही बाजूंनी सही केलेली नोंद आधीच्या एक्सेलपेक्षा अधिक भक्कम होईल.

हे चालू असताना एका कामाला उशीर करू नका. या रॅन्समवेअरसोबत बऱ्याचदा पासवर्ड चोरणारा दुसरा प्रोग्रॅमही येतो, म्हणून ब्राउझरमध्ये साठवलेला प्रत्येक पासवर्ड चोरीला गेला आहे असे समजून चाला. दुसऱ्या फोनवरून किंवा संगणकावरून आधी ईमेलचा, मग नेट बँकिंगचा, मग जीएसटीचा आणि बाकीचे पासवर्ड बदला. ईमेल आधी, कारण इतर सर्व पासवर्ड त्याच्या आधारे बदलता येतात. जीमेलमधून सर्व उपकरणांवरचे लॉगिन बंद करा आणि व्हॉट्सअॅपची जोडलेली उपकरणे काढून टाका.

तक्रारही नोंदवा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर ती घरबसल्या करता येते, आणि खात्यातून पैसे गेल्याचे दिसले तर त्याच क्षणी 1930 वर फोन करा. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 43 आणि 66 खाली हा गुन्हा आहे. तक्रारीने फाइल परत येणार नाहीत, पण जीएसटी किंवा कृषी विभागाच्या तपासणीत नोंदी का नाहीत हे सांगताना तिची प्रत हाताशी असावी. आपल्या गावची पतसंस्था किंवा एखादी कंपनी अशा संकटात सापडली तर नियम अधिक कडक आहे: 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवावे लागते.

मूळ डिस्कवर तारीख आणि ‘पुसू नये’ असे लिहून ती कपाटात ठेवा. टेस्लाक्रिप्ट या रॅन्समवेअरची मुख्य किल्ली त्याच्या कर्त्यांनी मे 2016 मध्ये स्वतःच जाहीर केली आणि शेड या रॅन्समवेअरच्या साडेसात लाख किल्ल्या एप्रिल 2020 मध्ये अशाच खुल्या झाल्या. ज्यांनी फाइल ठेवल्या होत्या त्यांना त्या उघडता आल्या. आपल्याही बाबतीत तसे होईल असे मी म्हणत नाही, पण दर काही महिन्यांनी एम्सिसॉफ्टचे साधन प्रतीवर चालवून पाहायला खर्च येत नाही.

संगणकात नवी डिस्क टाकून त्यावर अधिकृत विंडोज घ्या. जुन्या डिस्कवरचा कोणताही प्रोग्रॅम नव्या डिस्कवर आणू नका, फक्त तपासलेले दस्तऐवज आणा. बॅकअपसाठी दोन एक्सटर्नल डिस्क घ्या. आठवडी बाजाराच्या दिवशी दुकान बंद करताना एकीवर टॅलीचा बॅकअप आणि उधारीची फाइल घ्या, पुढच्या आठवड्यात दुसरीवर, आणि काम झाले की डिस्क काढून दुकानात नव्हे, घरी ठेवा. कायम जोडलेली डिस्क संगणकाबरोबरच एन्क्रिप्ट होते. नेट बरे असेल तर तीच फाइल गूगल ड्राइव्हवरही जाऊ द्या, कारण एन्क्रिप्ट झालेली फाइल वर चढली तरी तिची आधीची आवृत्ती तेथे 30 दिवस परत घेता येते. महिन्यातून एकदा त्या बॅकअपमधली उधारीची फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून शेवटची नोंद दिसते का, तेवढे मात्र पाहत जा.